मुलीने विचारलेले तीन प्रश्न: शेतकरी मुलांची लग्नं का अडलीत?

कादवाकाठ

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. माहेर निफाड तालुक्यातलं, कादवेच्या काठचं. धाकटा भाऊ चौतिशीचा झाला. चार एकर वावर, त्यात दीड एकर द्राक्षबाग, बाकी कांदा आणि सोयाबीन. पक्कं घर, पोरगा निर्व्यसनी. पाच वर्षांत वीस-बावीस स्थळं पाहिली, सोयरीक जुळली नाही. एकट्या आमच्या गावात अशी मुलं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. पारावर बसा, मांडवात बसा, दशक्रियेला रामकुंडावर जा, बोलणं तिथेच येतं आणि संपतंही एकाच वाक्यावर: "मुलींच्या अपेक्षा फार वाढल्या." मीही इतकी वर्षं तेच म्हणत होते.

गेल्या माघात आम्ही दिंडोरीकडे मुलगी पाहायला गेलो. बी.एस्सी. झालेली. पोहे झाले, चहा झाला. आई नेहमीसारखी म्हणाली, "तुला काही विचारायचं असेल तर विचार, बाळा." बहुतेक मुली मान हलवतात. हिने भावाकडे बघून विचारलं, "विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं?" तो म्हणाला, मार्चअखेर. पुढे टँकर. "सोसायटीचं आणि बँकेचं मिळून कर्ज किती आहे?" वडील खाकरले, आकडा मात्र खरा सांगितला. मग तिने विचारलं, "सातबाऱ्यावर आईंचं नाव आहे का?"

कोणीच बोललं नाही. चाळीस वर्षं त्या वावरात निंदणी, खुडणी, कांदेकाढणी करणारी माझी आई शेजारीच बसली होती. तिने पदराला हात पुसला. हात कोरडाच होता.

परतताना गाडीत आत्या म्हणाली, "एवढी चौकशी तर बँकवालेसुद्धा करत नाहीत." पण बँकवाले नेमकी हीच चौकशी करतात: पाणी, कर्ज, मालकी. तीन लाख देण्याआधी बँक जे विचारते, ते एका मुलीने आख्खा जन्म देण्याआधी विचारलं.

त्या रात्री मी वडिलांची वही काढली. डिसेंबर २०१९: लासलगाव, लाल कांदा, भाव ८,१०० रुपये क्विंटल. घराचा वरचा मजला त्याच पैशातून झाला. फेब्रुवारी २०२३: तोच बाजार, तोच लाल कांदा, २२ क्विंटल, भाव ४७५. हमाली, तोलाई आणि ट्रॅक्टरभाडं गेल्यावर काढणीची मजुरीसुद्धा फिटली नाही. सरकारने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, तेही २०० क्विंटलपर्यंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि लिलाव बंद पडले. २६ नोव्हेंबरला गारा पडल्या, बाग मणी धरत असताना. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातच बंद झाली. चार घाव, एकाच वर्षात, एकाच घरावर.

वर्गात मी सरासरी शिकवते. माझ्या भावाची दहा वर्षांची सरासरी काढली तर ती अंबडच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराच्या पगारापेक्षा जास्त भरते. पण सरासरीने घर चालत नाही. किराणा दर महिन्याला लागतो आणि हप्ताही दर महिन्याला येतो. दोन उत्पन्नांची सरासरी सारखी असली तरी ज्यात चढउतार कमी, ते माणूस आधी निवडतो. अर्थशास्त्रात याला जोखीम टाळणं म्हणतात. ज्याची पुंजी लहान, त्याला ती टाळावीच लागते. शेअर घेणारा दहा कंपन्यांत पैसे वाटून ठेवतो. मुलीला एकच घर मिळतं, आणि तिथून परत फिरण्याची किंमत तिला एकटीलाच मोजावी लागते.

कांद्याचे हे चढउतार नशिबाचेही नाहीत. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये याला कोळी किड्याच्या जाळ्याचं, म्हणजे 'कॉबवेब'चं, नाव दिलं. यंदा भाव चढला की सगळे लागवड वाढवतात, माल एकदम बाजारात येतो, भाव पडतो. पुढच्या वर्षी सगळे हात आखडतात आणि भाव पुन्हा चढतो. गेल्या वर्षीच्या भावावर यंदाचं रोप टाकलं की हे होणारच. त्यात निर्यातीचा दरवाजा मध्येच लावला की जाळं आणखी हलतं.

"अपेक्षा" म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तो त्या मुलींनी केलेला जोखमीचा अंदाज आहे, आणि माझ्या मते तो बरोबर आहे. तुमचा अनुभव लिहा.

उन्हाळ_कांदा

ताई, पटलं आणि लागलंही. मी तुमच्या भावासारखाच. वय ३३, पाच एकर, बी.कॉम. गेल्या वर्षी एका स्थळाने मला सरळ विचारलं, "नाशिकमध्ये फ्लॅट आहे का?" मी म्हटलं, चाळीत दोनशे क्विंटल कांदा आहे. ते हसले. त्यांचं काही चुकलं नसेल, पण त्या दिवसापासून मी बायोडाटा कोणाला दिलेला नाही.

एक सांगा. माझा वर्गमित्र एमआयडीसीत सोळा हजारांवर आहे. कंत्राटी. सात महिन्यांनी ब्रेक. त्याचं लग्न सहा महिन्यांत जमलं. त्याच्या घराला जोखीम नाही का? तिथे मुलीकडचे हिशेब का करत नाहीत?

सातपूरकर

तो वर्गमित्र मीच असू शकतो, म्हणून लिहितो. घरी आम्ही दोघं भाऊ. मोठा गावाकडे चार एकर बघतो, मी बारावीनंतर इकडे आलो. माझं लग्न २०१९ला झालं, मोठ्याचं अजून नाही. सासऱ्यांनी माझ्या कंपनीचं नावही नीट ऐकलं नाही. त्यांनी पगाराची स्लिप मागितली, दुमडून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, जमलं.

लॉकडाऊनमध्ये कंत्राटदाराने एका फोनवर घरी बसवलं. चार महिने गहू, बाजरी, कांदे सगळं मोठ्याच्या वावरातून आलं. बायको तेव्हा म्हणाली, "कागद तुमच्याकडे आणि धान्य भाऊजींकडे." हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या जिवावर माझा संसार तरला, त्यालाच मुलगी मिळत नाही.

कादवाकाठ

सातपूरकर दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. उन्हाळ_कांदा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दुमडलेल्या स्लिपमध्ये आहे.

अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल एक गोष्ट मांडली. समोरच्याची खरी कुवत दिसत नसेल, तर माणूस दिसणाऱ्या खुणेवर विश्वास ठेवतो. मालकाला उमेदवाराची मेहनत दिसत नाही, पदवी दिसते. मुलीच्या बापालाही तसंच. पगाराची स्लिप दोन सेकंदांत वाचता येते. तुमचं वावर वाचायचं तर माती, पाणी, कर्ज, भाऊबंदकी, अडत्याकडची उचल, सगळं समजून घ्यावं लागतं, आणि ते मध्यस्थाला कळतही नाही. तुमची खूण कमी पडते असं नाही, ती वाचणारा कोणी नाही.

दुसरी गोष्ट थोडी जुनी आहे. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर, अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतल्या गावांत घरोघरच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींवरून रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये दाखवलं की मुली लांबच्या गावांत देण्यामागे एक शहाणपण होतं. इथे पाऊस पडला नाही तर तिथे पडलेला असतो, अडचणीला सोयरे धावतात. म्हणजे सोयरीक हा शेतकऱ्याचा विमाच होता. आता अवकाळी आणि निर्यातबंदी सगळ्या जिल्ह्याला एकाच दिवशी गाठते. शेतकऱ्याने शेतकऱ्याशी सोयरीक केली तर दोघं एकदमच बुडतात, म्हणून बाप शहरातला जावई शोधतो. हेतू तोच आहे, विम्याची जागा बदलली.

येवल्याचा

चर्चा चांगली चालली आहे, पण आधी डोकी मोजा. जोखीम, स्लिप वगैरे सगळं नंतर येतं.

महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ला ९४६, २००१ला ९१३ आणि २०११ला ८९४. २००१च्या मोजणीतली ती लेकरं आज पंचवीस ते बत्तीस वर्षांची आहेत, म्हणजे ऐन लग्नाच्या वयाची. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला, तरी हे घडलं. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगभरात दहा कोटींहून जास्त स्त्रिया "हरवल्या" आहेत असं लिहिलं, त्यातल्या काही आपल्या तालुक्यातल्या आहेत. प्रत्येक घराने आपल्यापुरता विचार केला: हुंडा वाचेल, जमीन घरात राहील. त्याची भरपाई पंचवीस वर्षांनी सगळा गाव करतोय. ज्यांनी लेकी जपल्या त्यांचीसुद्धा मुलं थांबली आहेत.

दुसरं म्हणजे जात. १९१६च्या मे महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. त्याचा गाभा हाच आहे. गटातल्या गटातच लग्न करायचं म्हटलं की स्त्री-पुरुषांची संख्या गटात जुळावी लागते. जुळली नाही की कोणीतरी "अतिरिक्त" ठरतं, आणि त्या अतिरिक्त माणसाचं काय करायचं यातून क्रूर रूढी तयार होतात. तेव्हा अतिरिक्त ठरायची ती विधवा. आज तीस-पस्तिशीची मुलं ठरत आहेत.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यातल्या लग्नाच्या जाहिराती तपासल्या होत्या. शिक्षण, रूप, उत्पन्न या सगळ्यावर लोक तडजोड करायला तयार, जातीवर मात्र फारच कमी. आपल्याकडच्या बायोडाटातही पहिली ओळ कोणती असते? आधी शंभर घरांतली नव्वद आपण स्वतः बंद करतो आणि उरलेल्या दहांत मुलगी मिळत नाही म्हणून रडतो. ज्या जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, ज्या येवल्यात १९३५ची धर्मांतराची घोषणा झाली, तिथे हे बोलायला कोणी का कचरावं?

दहाव्या_मैलावरून

येवल्याच्या दादांना अनुमोदन. जातीची अट सैल होतेय, पण कशी ते बघा. ओळखीत, सोयऱ्यांत नाही, दलालांमार्फत. आमच्या शेजारच्या घरी मध्यस्थाने दोन लाख घेऊन परराज्यातली मुलगी आणली. अकराव्या दिवशी ती गेली, अंगावरचे दागिने आणि मध्यस्थाचा फोन, तिन्ही एकदमच. मुलगा तीन महिने गावात फिरला नाही. अशा सौद्यात खरं काय ते फक्त दलालाला माहीत असतं. अर्थतज्ज्ञ ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच सांगितलं होतं. माल कसा आहे हे एकाच बाजूला माहीत असलं की चांगला माल बाजारातून निघून जातो आणि फसवणूक उरते.

चांदवड_८६

हे मला खुपलं म्हणून लिहिते आहे. "माल", "बाजार", "संख्या". मुलगी माल नाही आणि लग्न लिलाव नाही. अकराव्या दिवशी गेलेल्या त्या मुलीला कोणी कितीला आणलं होतं, तिच्या हाती त्यातलं काय आलं, तिला मारून-धमकावून तर पाठवलं नव्हतं ना, हे कोणी विचारलं का?

मी पंचावन्नची आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला झालं, तेव्हा मी दहावीला होते. गावातल्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो, भाकरी बांधून. एवढ्या बाया एका जागी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. शरद जोशी शेतमालाच्या भावाचं अर्थशास्त्र मांडायचे ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच चळवळीने पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: नवऱ्याने आपल्या हयातीत जमीन बायकोच्या नावावर करायची. जिथे शंभर घरांनी केलं त्या गावात जोशी स्वतः यायचे. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं परिपत्रक काढलं. किती घरांनी लावलं?

कादवाकाठ ताई, त्या मुलीचा तिसरा प्रश्न तुम्ही लिहिलात आणि मग सगळा वेळ पहिल्या दोनांवरच घालवलात. पाणी आणि कर्ज ही बापांची काळजी आहे, मुलीची काळजी तिसऱ्या प्रश्नात आहे.

मळ्यातली_अॅग्री

मावशी, अगदी हेच लिहायला आले होते. मी २५ वर्षांची, बी.एस्सी. ॲग्री, शेतकऱ्याची मुलगी, पिंपळगाव बसवंतजवळची. मला शेतीची भीती नाही. बागेचं डिपिंग, विरळणी, पेस्टिंग मी करते. पण माझ्या आईचा दिवस सांगते. पाचला उठून धारा, मग स्वयंपाक, नऊ ते सहा बागेत, संध्याकाळी पुन्हा चूल. बागेतल्या बाईला चारशे रुपये रोज मिळतो, तेवढंच काम करणाऱ्या आईला काही नाही, कारण ती "घरची". खर्चाच्या वहीत तिची मजुरी शून्य लिहिलेली असते आणि त्या शून्यामुळेच बाग नफ्यात दिसते.

२०१९च्या देशव्यापी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. शहरातल्या नवऱ्याकडेही स्वयंपाक आहेच, मला माहीत आहे. पण तिथे एक पाळी असते, मळ्यात दोन असतात. मी शेतकऱ्याला नाही म्हणत नाही, दुसऱ्या बिनपगारी पाळीला नाही म्हणते.

कादवाकाठ

मावशी, तुमचं खरं आहे. मी तिसरा प्रश्न टाळला. का टाळला तेही लिहिते.

२०११ मध्ये मी हक्कसोड पत्रावर सही केली आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, २००५ला तो देशभर झाला, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरी सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. भावाची जमीन तुकड्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटलं, आणि माहेर तुटू नये असंही. आज कळतं की आई आधीच जमिनीबाहेर होती आणि त्या एका सहीने मीही गेले, म्हणजे आमच्या घरातल्या दोन बाया. आणि आम्ही तिसरीला बोलवायला दिंडोरीला गेलो होतो.

सेन यांनी घराकडे वाटाघाटीची जागा म्हणून पाहिलं. घरात प्रेम असतं आणि हितसंबंधही असतात. ज्याला बाहेर पडलं तरी उभं राहता येतं, त्याचं घरात ऐकलं जातं. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी हाच धागा जमिनीपर्यंत नेला. बाईच्या नावावर जमीन असली की घरात तिचा आवाज बदलतो. त्या मुलीने एवढंच तपासलं: या घरात चाळीस वर्षं राबल्यावर बाईला काय मिळतं?

बागलाणी

जोखमीबद्दल एक भर, मग थांबतो. आमच्याकडे मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा गावाचा, पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या पट्ट्यात, कोणतं पीक आणि कोणाला कधी पाणी हे सगळं मिळून ठरायचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये ज्या कामाबद्दल नोबेल मिळालं ते हेच: सामाईक साधन लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात. तुमच्याजवळ वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी ते आजच्या काळात करून दाखवलं. मोजून पाणी, ठरलेल्या तारखेला. जिथे एकट्याचं पाणी मार्चमध्ये संपतं, तिथे दहा घरांनी मिळून काय करायचं ते बघा. मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकट्या भावाकडे नाहीच.

उन्हाळ_कांदा

सगळं दोनदा वाचलं. मळ्यातली ताई, तुमचा दिवस वाचून आईच्या खोलीत जाऊन बसलो. ती झोपली होती. आमच्या वहीत तिची मजुरी नाही. त्या दिवसापासून लिहितोय, चारशेच्या दराने. पहिल्याच आठवड्यात टोमॅटो तोट्यात गेला. म्हणजे तो आधीही तोट्यातच होता, आम्हाला दिसत नव्हता.

चांदवडच्या मावशी, ते नाव लावायला काय करायचं?

चांदवड_८६

जमीन वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज वडिलांनी द्यायचा, तलाठ्याकडे. १९९२च्या लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकाचा उल्लेख कर, कारण नव्या माणसाला ते माहीत नसतं. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून आईच्या हातात दे. कपाटात ठेवू नकोस.

कादवाकाठ

रविवारी माहेरी गेले होते. वडिलांपुढे हे सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चष्मा मागितला आणि अर्ज स्वतःच्या हाताने लिहायला बसले. नावापाशी अडले. आईला विचारलं, "काय लिहू?"

आई म्हणाली, "माहेरचं लिहिता का लग्नातलं? आधारवर तर तिसरंच आलंय."

चांदवडच्या मावशी, यात काय करावं?

चांदवड_८६

आधारवरचंच लिहा. पुढे पीकविमा, पीककर्ज सगळं त्याच नावाने जुळतं. पण लिहायच्या आधी तिला विचारा. तिला माहेरचं हवं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. पंधरा दिवस उशीर झाला तरी चालेल.